नेक्सॉन की थ्री एक्स ओ? गोव्याच्या पावसात बघून घेतलेला निर्णय

दहा-बारा लाखांत घरासाठी जरा उंच, जरा दणकट गाडी शोधायला लागलं की यादी मोठी होते आणि मग हळूहळू दोन नावांवर येऊन थांबते, निदान आमच्या घरी तरी तसंच झालं. टाटाची नेक्सॉन आणि महिंद्राची एक्सयूव्ही थ्री एक्स ओ. दोन्ही चार मीटरच्या आतल्या, दोन्हींना भारत एनकॅपच्या अपघात-चाचणीत पाच तारे, दोन्हींत सहा एअरबॅग. फोंड्याहून रोज पणजी, महिन्याकाठी बेळगावची एखादी फेरी, घरात आई आणि दोन मुलं, असं ज्यांचं गणित आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. आकडे कंपन्यांच्या पुस्तिकेत मिळतील, म्हणून मी त्यांच्यात फार शिरत नाही.

आधी मारुतीच्या ब्रेझाचं सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. गाडी साधी, भरवशाची, सर्व्हिसला कुठेही न्या. पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, तेव्हा चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतचं पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतचं डिझेल इंजिन असलेली गाडी १८ टक्क्यांत आली. बाकीच्यांना ४० टक्के. ब्रेझा लांबीत बसते, इंजिनात बसत नाही. त्यामुळे सेस धरून तिचा कर ४५ वरून ४० झाला, तर नेक्सॉन आणि थ्री एक्स ओच्या पेट्रोल गाड्यांचा २९ वरून थेट १८. डिझेलचा तर ३१ वरून १८. गोव्यात रस्ता करही किमतीवरच बसतो, तेव्हा हा फरक पुढे आणखी थोडा वाढत जातो. एवढ्यावरून ब्रेझा सोडावी असं मी म्हणणार नाही, पण आमच्या यादीतून ती इथेच गळली.

किमतीत मात्र या दोघींत निवड करण्यासारखं काही नाही. जीएसटी उतरल्यावर एक्स-शोरूम दोन्ही सव्वासात ते साडेसात लाखांच्या दरम्यान सुरू होत होत्या आणि चौदाच्या आसपास जाऊन थांबत होत्या. खरी कसरत श्रेणी निवडण्यात आहे. नेक्सॉनची शिडी स्मार्ट, प्युअर, क्रिएटिव्ह, फिअरलेस अशी चढते. नावापुढे एस लागला की सनरूफ, पीएस लागलं की मोठं पॅनोरॅमिक सनरूफ. थ्री एक्स ओमध्ये एमएक्स १ पासून एमएक्स ३ पर्यंत, मग एएक्स ५ आणि एएक्स ७, आणि ज्यांच्यापुढे एल आहे त्यांत एडास, म्हणजे समोरचा धोका ओळखून आपोआप ब्रेक लावण्यासारखी मदत करणारी यंत्रणा. मधेच रेव्हएक्स नावाच्या आणखी काही श्रेणी आल्या. शोरूममधला मुलगा कागदावर भराभर खुणा करत जातो आणि आपण मान डोलावत राहतो. त्याला तीनच गोष्टी विचारा: मागचा वायपर कुठल्या श्रेणीपासून, मागच्या काचेवरचं बाष्प घालवणारा डीफॉगर कुठल्या श्रेणीपासून, आणि ऑटोमॅटिक कुठल्या श्रेणीपासून. सनरूफचं नंतर बघू. जून ते सप्टेंबर ते बंदच असतं आणि एप्रिल-मेच्या उन्हात उघडायची कोणाची इच्छा होत नाही. मुलांना हवं असतं हे खरं. आमच्याही मुलांना हवंच होतं.

आता माझा निर्णय ज्यावर झाला त्या गोष्टीकडे येतो. तुम्हाला ती क्षुल्लक वाटू शकेल.

आपल्याकडे पावसाळ्यात पुढची काच दोन तऱ्हांनी धुरकटते. एक आतून. ओल्या छत्र्या, भिजलेले कपडे, पाच माणसांचा श्वास; ती दमट हवा गार काचेला लागली की तिथे बाष्प धरतं. तेव्हा एसी चालू हवा, हवेचा झोत काचेवर हवा आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद हवं. दुसरी तऱ्हा बाहेरून. एसीमुळे काच इतकी गार होते की बाहेरच्या दमट हवेतलं पाणी तिच्या बाहेरच्या अंगावर बसतं. तेव्हा वायपर फिरवायचा, झोत काचेवरून काढून पायाकडे वळवायचा आणि तापमान दोन-तीन अंश वर न्यायचं. म्हणजे एकाचा उपाय केला की दुसरं वाढतं. साखळी, केरीपर्यंत बाहेरून धुरकटणारी काच बेळगावच्या वाटेवरचा चोर्ला घाट चढताना आतून धुरकटायला लागते, कारण वर हवा गार होत जाते आणि गाडीतली माणसं तेवढीच ओली असतात. त्या तासाभरात ड्रायव्हरचा डावा हात सतत एसीच्या बटणांवर असतो.

मी हे शिकलो ते मेव्हण्याच्या गाडीत. कुठली ते महत्त्वाचं नाही, या दोन्हींपैकी नव्हती. जुलै महिना, संध्याकाळची वेळ, चोर्ल्याची वळणं. तिचं एसीचं पॅनल सगळं टचचं, सपाट, काळं, चकचकीत. केरीच्या पुढे चहाला उतरलो होतो, सगळे भिजून परत बसलो होतो. वळणावर काच एकदम पांढरी झाली. मी डीफॉगच्या खुणेवर बोट ठेवलं. बोट ओलं, काही झालं नाही. पँटला पुसून परत ठेवलं, तर शेजारची खूण लागली आणि पंखा बंद झाला. बायको रुमालाने काच पुसत होती. त्याने पाण्याचे पट्टे उमटले आणि समोरून उतरणाऱ्या कदंबाच्या बसचे दिवे त्या पट्ट्यांत फाकले. मी गाडी जागच्या जागी थांबवली. मागे कोणी नव्हतं म्हणून निभावलं. त्या दिवशीपासून गाडीचं काहीही बघायचं म्हटलं की माझा हात आधी एसीच्या पॅनलकडे जातो.

नेक्सॉनचं २०२३ साली नवं रूप आलं आणि आतला डॅशबोर्ड खरोखरच देखणा झाला. एसीचं पॅनल त्यात टचचं आहे. तापमान आणि पंख्याला वर-खाली करायचे दोन खटके दिले आहेत आणि ते चांगले आहेत. पण झोत कुठे जायचा, डीफॉग, बाहेरची हवा की आतली, ही कामं सपाट पृष्ठभागावर. बोटाला खाली काही लागत नाही, म्हणून नजर खाली न्यावी लागते. सवय होईल असं शोरूममध्ये म्हणाले, आणि होतही असेल. नेक्सॉन चालवणारे माझे दोन मित्र याबद्दल कधी तक्रार करत नाहीत हेही सांगायला हवं. व्हॉइस कमांडने काही कामं होतात, पण पावसाचा टपावर आवाज आणि मागे मुलांचा दंगा असताना मला तो भरवसा वाटत नाही.

थ्री एक्स ओमध्ये हीच सगळी कामं दाबली की आत जाणाऱ्या बटणांवर आहेत. मी शोरूमच्या पायरीवर बाटलीतल्या पाण्याने बोटं ओली करून, समोर बघत, डीफॉगचं बटण शोधून बघितलं. सापडलं. परत करून बघितलं, परत सापडलं. माझ्यापुरता निकाल बऱ्यापैकी तिथेच लागला. तुम्हीही टेस्ट ड्राइव्ह जमल्यास पावसातच घ्या, आणि आत पाच माणसं बसवून घ्या.

बाकीच्या बाबतींत नेक्सॉन कुठेही मागे नाही, काही ठिकाणी तर पुढेच आहे. खराब रस्त्यावर ती मला जास्त निवांत वाटली. खड्डा येतो आणि मऊपणे निघून जातो. तळाची उंचीही २०८ मिलिमीटर, थ्री एक्स ओची २०१. हा फरक दिवाडीच्या किंवा चोडणच्या फेरीबोटीवर ओहोटीच्या वेळी चढतानाच जाणवला तर जाणवेल. एरवी नाही. गावातल्या वाड्यांवर दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचे गडगे असतात तिथे नेक्सॉन थोडी अरुंद असल्याचा दिलासाही मिळतो. आणि सुरक्षिततेच्या बाबतीत तिचं नाव जुनं आहे. ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी तीच, डिसेंबर २०१८ मध्ये.

डिकीतही नेक्सॉन पुढे. कागदावर ३८२ आणि ३६४ लिटर, पण प्रत्यक्षात फरक त्याहून मोठा वाटतो, कारण थ्री एक्स ओचा आकडा पार छतापर्यंत धरलेला आहे. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या चौकटीचं, सामान घेऊन बाजारातून परतताना हे कळतं. केळ्यांचा घड, सुपारीची शिपटी, नारळ, तोरिंजन, वर फटाके आणि मुलांचे कपडे. आमच्याकडे आता घड मागच्या सीटवर आईच्या शेजारी येतो. तिची हरकत नाही, पण गणपतीला गावचं घर मोठं आणि माणसं बरीच, असं ज्यांचं असेल त्यांनी डिकी उघडून नीट बघावी.

आईला मात्र थ्री एक्स ओच आवडली. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २६०० मिलिमीटर, नेक्सॉनचं २४९८. मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना ते लगेच समजतं. रुंदीही जरा जास्त, तेव्हा मागे तिघं बसली तर मधला आक्रसून बसत नाही. गाडीत चढताना तिने पाय मुडपून घेतला नाही, हात धरला नाही. हे मोजायला माझ्याकडे दुसरं काही माप नाही.

ऑटोमॅटिक घेणार असाल तर आणखी एक फरक लक्षात ठेवा. नेक्सॉनच्या पेट्रोलमध्ये खालच्या श्रेणीत एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच आपोआप चालवणारी स्वस्त ऑटोमॅटिक, आणि वरच्या श्रेणीत सात गिअरचा, झटपट गिअर बदलणारा ड्युअल क्लच. ड्युअल क्लच छान आहे, पण त्यासाठी वर चढावं लागतं. थ्री एक्स ओच्या पेट्रोलमध्ये आयसिन या जपानी कंपनीचा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी मऊ ऑटोमॅटिक, आणि तो एमएक्स २ प्रोपासूनच मिळतो. ब्रेकवरून पाय काढला की गाडी स्वतःहून सावकाश पुढे सरकते. फेरीबोटीच्या उतारावर पुढच्या स्कूटरच्या मागे इंच-इंच चढताना, किंवा बाणस्तारीला सकाळी अडकल्यावर, हे सुख मोठं आहे. एएमटीला अशा जागी एक हिसका असतो. काहींना तो चालतो, मला चालला नाही. डिझेल थ्री एक्स ओला मात्र ऑटोमॅटिकमध्ये एएमटीच आहे, हे ऑर्डर देण्याआधी विचारून घ्या. शोरूममध्ये कोणी आपणहून सांगेल असं धरू नका.

दोन्ही टर्बो पेट्रोल शहरात पितात. कंपनीच्या आकड्यावर घरचा हिशेब मांडू नका. पणजीत मांडवीच्या काठाने सिग्नल-सिग्नल करत गेलात तर काटा भराभर खाली येतो. रोजचं चालणं खूप असेल तर नेक्सॉनचा सीएनजी पर्याय बघण्यासारखा आहे. टर्बो इंजिनावर सीएनजी, आणि दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी बसवल्यामुळे ३२१ लिटर जागा उरते. थ्री एक्स ओमध्ये सीएनजी नाही. पंप तुमच्या रोजच्या वाटेवर असेल तर हा मुद्दा नेक्सॉनच्या बाजूने जड आहे, माझ्या वाटेवर तो नव्हता.

आम्ही घेतली ती एएक्स ५, पेट्रोल, ऑटोमॅटिक. दोन्ही बाजूंना वेगळं तापमान ठेवणारा एसी, मागचा वायपर आणि डीफॉगर, १०.२५ इंचाचा पडदा हे सगळं त्यात येतं. एएक्स ५ एलमध्ये एडास, ३६० अंशांचा कॅमेरा आणि इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक आहे. बजेट ताणता येत असेल तर त्यातला कॅमेरा गडग्यांच्या रस्त्यावर उपयोगी पडेल. एडास आपल्या रस्त्यांवर, गुरं आणि स्कूटर मधे येत असताना, किती वेळा चालू ठेवाल याचा विचार करून पैसे मोजा. एएक्स ७ मध्ये वाढतं ते बहुतेक डोळ्यांना सुखावणारं. चारही चाकांना डिस्क ब्रेक तर अगदी खालच्या श्रेणीपासूनच आहेत, त्यासाठी वर जायची गरज नाही.

नेक्सॉन घेणाऱ्याला मी थांबवणार नाही. डिकी मोठी हवी, सीएनजी हवा किंवा रोजचा रस्ता फारच उखडलेला आहे, यांपैकी एक जरी गोष्ट तुमच्या घरी लागू असेल तर क्रिएटिव्ह प्लस बघा. तिच्यात कॅमेराही आहे. फक्त सही करण्याआधी बोटं ओली करून, समोर रस्त्याकडे बघत, तिचं डीफॉग एकदा लावून बघा. तुमच्या बोटाला ते सापडलं तर माझी हरकत तिथेच संपली.