काउंटर-प्रेशर बॉटल फिलर, सात महिन्यांनंतर: आधी ती रिंग बघा

गेल्या शनिवारी रात्री साडेदहाला आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर कोकम उडालं. पांढऱ्या छतावर कोकमाचा डाग कसा दिसतो, ते भोगल्याशिवाय कळत नाही. म्हणून हा रिव्ह्यू पुन्हा लिहितोय. मे महिन्यात मी याच फिलरला, म्हणजे गॅसवालं पेय दाब न सोडता बाटलीत भरायच्या नळकांड्याला, दोन स्टार दिले होते. त्यातली निम्मी चूक माझी होती, तेही सांगतो.

आधी एक खुलासा. मी बिअर भरत नाही. घरी बिअर करायला महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आडवा येतो, आणि त्याच्याही आधी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. माझ्या केगमध्ये, म्हणजे दाब सहन करणाऱ्या स्टीलच्या टाकीत, आलं-लिंबू नाहीतर कोकम सोडा असतो. तसाही हा बॉल-लॉक (नळ्या खटकन बसणारा) केग मुळात शीतपेयांच्या सिरपसाठीच निघाला, घरी बिअर करणाऱ्यांनी तो नंतर उचलला. माझ्याकडे तो माहेरी आलाय असं मी समजतो. बाटल्या मात्र बिअरच्याच, 650 मिलीच्या, रद्दीवाल्याकडून आणलेल्या. त्या गॅलरीत वाळत घातल्या की समोरच्या काकू मान हलवतात.

पहिले दोन महिने नुसता फेस. बाटलीत आधी गॅस भरायचा, केगइतकाच दाब झाला की सरबताचा कॉक उघडायचा, मग ब्लीडचा, म्हणजे बाटलीतला गॅस हळूहळू बाहेर सोडायचा, स्क्रू केसभर सैल करायचा, सगळं माहिती होतं. तरी अर्धी बाटली फेस आणि अर्धी सिंकमध्ये. शिव्या फिलरला. दोष खरं तर ठाण्यातल्या मे महिन्याचा आणि माझ्या आळसाचा. केग फ्रिजमध्ये 4 अंशांवर आणि बाटल्या ओट्यावर 34 अंशांत! गार पाण्यात गॅस विरघळून राहतो, गरम काचेला लागला की पळतो. बिअरवाल्यांचं अडीच व्हॉल्यूमवर (लिटरभर पेयात अडीच लिटर गॅस) भागतं, सोड्याला साडेतीनच्या पुढे लागतो, म्हणजे केगला 25 पीएसआयच्या (हे दाबाचं माप) आसपास दाब. त्यांना जी चूक खपून जाते ती आपल्याला खपत नाही. आता बाटल्या धुऊन ओल्याच अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवतो. पहिली बाटली तरीही फेसाळते, कारण फिलरचा दांडा आणि नळी गरम असते. ती मी पितो. पुढच्या दहा शहाण्यासारख्या भरतात. इथे मी दोनाचे चार स्टार केले होते.

आणि मग ती रिंग. बाटलीच्या तोंडावर बसणारं रबरी बूच दांड्यावर सरकतं, त्याच्या आत करंगळीच्या नखाएवढी ओ-रिंग आहे. पाचव्या महिन्यात ती चिरली. ती गळायला लागली की दाब तिथूनच निसटतो. तुम्ही ब्लीड कितीही जपून फिरवा, सरबत उसळी मारणारच. विक्रेत्याला तीन मेल केले. उत्तर आलं, ‘सर, स्पेअर येत नाही, पूर्ण असेंब्ली घ्यावी लागेल, 1,450 रुपये.’ अहो, कुकरची रिंग गेली तर कोणी नवा कुकर घेतं का?

जुनी रिंग खिशात टाकून वागळे इस्टेटला गेलो. दुकानदाराने चिमटीत धरून बघितली. ‘काका, कुठल्या मशीनची?’ सोड्याची म्हटलं. चार रुपयांची काळी रबरी दिली. बसली झकास, पण अख्खा लॉट सायकलच्या ट्यूबसारखा लागला. साडेनऊ लिटर आलं-लिंबू मोरीत. परत गेलो, फूड-ग्रेड सिलिकॉनची मागितली, बारा रुपये. आता सहा आणून ठेवल्यात. शनिवारी मात्र ‘अजून एक बॅच निघेल’ म्हणत जुनीच ठेवली होती. बारा रुपये वाचवले.

केगला गॅस देणाऱ्या सिलिंडरबद्दल एकच सांगतो. रेग्युलेटरचा मोठ्या दाबाचा काटा बघून गॅस किती उरला ते कळत नाही. आत द्रवरूप सीओटू आहे तोवर काटा हलत नाही, हलला की गॅस संपतच आलेला असतो. मी दीड महिना खूश होतो. आता हुकच्या वजनकाट्यावर तोलतो.

फिलर घ्यावाच का? त्याच संध्याकाळी मुलुंडला मेव्हणीकडे न्यायचं असेल तर नको. पिकनिक टॅपला (केगच्या हातात धरायच्या साध्या नळाला) सिलिकॉनची नळी लावा, दाब तीन-चार पीएसआयवर आणा, नळी तळापर्यंत घाला, फेस तोंडाशी आला की त्याच्यावरच बूच मारा. पण ती बाटली चौथ्या दिवशी मवाळ होते. फिलरची आठव्या दिवशीही उघडताना फुस्स करते. त्यापुढचं माहीत नाही, आमच्याकडे उरत नाही. सगळ्या बाटल्या फ्रिजमध्येच ठेवा. मेव्हणीने एक पेटची, म्हणजे प्लास्टिकची, बाटली ओट्यावर विसरली, तिसऱ्या दिवशी ती दगडासारखी टणक. साखर आहे, हवेतलं यीस्ट गप्प बसत नाही. काचेची असती तर छतावर नुसतं कोकम उडालं नसतं. भरतानाही डोळ्यांवर चष्मा हवाच.

साडेतीन स्टार. अर्धा त्या 1,450 च्या मेलसाठी कापला.

रंगाऱ्याला डाग दाखवला. तो म्हणतो, तेवढाच डाग रंगवला तर ठिगळ दिसेल, पूर्ण छत घ्यावं लागेल. साडेतीन हजार.