बनावट हीट पाइपचा कूलर: पेस्ट लावण्याआधी हे तपासा

स्वस्तातला प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा, म्हणून जे लोक मोठा एअर कूलर शोधतायत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सहा हीट पाइपचा (म्हणजे उष्णता वर वाहून नेणाऱ्या पोकळ नळ्यांचा) म्हणून मला जो कूलर विकला गेला, त्यात एकही हीट पाइप नव्हता. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या भरीव सळ्या होत्या. हे सिद्ध होईपर्यंत माल परत करायची मुदत उलटून गेली होती, आणि ती उलटावी अशीच विक्रेत्याची सगळी मांडणी होती.

माझा प्रोसेसर रायझन ३ १२००. २०१७ सालचा, चार कोअरचा, मूळ वेग ३.१ गिगाहर्ट्झ, बूस्ट ३.४, टीडीपी (साधारण किती उष्णता बाहेर टाकतो तो आकडा) ६५ वॅट. रायझन बनवणाऱ्या एएमडीने त्याचे मल्टिप्लायर (मूळ ठोक्याला किती पटींनी गुणून वेग काढायचा तो आकडा) खुले ठेवले, त्यामुळे बी३५० चिपसेटच्या साध्या मदरबोर्डवरही वेग वाढवता येतो. ए३२० वर मात्र येत नाही, ते कूलर घेण्याआधीच बघून घ्या. प्रोसेसरबरोबर येणारा रेथ स्टेल्थ कूलर मूळ वेगाला पुरतो. ३.८ पर्यंत न्यायचं तर व्होल्टेज चढवावं लागतं आणि तिथे तो दमतो. कारण उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १.२ व्होल्टवरून १.३५ वर गेलं की नुसत्या व्होल्टेजमुळे सव्वापटीच्या वर जाते. त्यात ३.१ वरून ३.८ हा वेगातला फरक मिळवला की दीडपट ओलांडते. ६५ वॅट धरले तर त्याचे १०० होतात. हे १०० वॅट बाहेर काढायला चांगला टॉवर कूलर, म्हणजे पातळ पत्र्यांची (फिन्सची) उंच थप्पी असलेला कूलर, लागतोच.

माझ्यासारख्या लोकांना नेमकी हीच गरज असते आणि विक्रेत्याला ती पक्की माहीत असते. ज्याच्याकडे महागडा प्रोसेसर आहे तो नावाजलेल्या कंपनीचा कूलर घेतो. स्वस्त प्रोसेसरवर प्रोसेसरच्याच किमतीचा कूलर चढवणं कुणाला पटत नाही, म्हणून आपण कमी किमतीत मोठे आकडे शोधतो. १९९८ मधला इंटेलचा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए बसचा (मदरबोर्डकडून येणाऱ्या मूळ ठोक्याचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ४५० वर पळायचा. २०१४ मध्ये इंटेलने पेंटियम जी३२५८ खुल्या मल्टिप्लायरसह आणला तेव्हाही हौशी लोक त्याच्यावर तुटून पडले. कमी पैशांत जास्त काम काढून घेणं हा या छंदाचा गाभा आहे आणि मला त्याचा अभिमान वाटतो. त्या हौसेवरच कुणी हात मारतो तेव्हा राग येतो.

जाहिरातीत लिहिलं होतं: सहा शुद्ध तांब्याचे हीट पाइप, २२० वॅट टीडीपी, ओव्हरक्लॉकिंगसाठी खास. यातल्या २२० या आकड्याला काहीही अर्थ नव्हता. कूलरचा टीडीपी कसा मोजायचा याचं सगळ्यांना बांधील असं एकच मानक नाही. खोलीचं तापमान किती, प्रोसेसर किती डिग्रीपर्यंत चढू द्यायचा, पंखा किती वेगाने फिरवायचा, हे जो तो आपल्या सोयीने ठरवतो. नॉक्टुआसारखी कूलर बनवणारी कंपनी तर वॅटचा आकडा न देता स्वतःची वेगळी गुणांकन पद्धत वापरते. त्यामुळे खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यावर कूलर निवडू नका.

जाहिरातीत एक स्क्रीनशॉटही होता. खाली ठळक अक्षरांत ‘फुल लोड, फक्त ४८ डिग्री’. विकत घेतल्यानंतर तक्रारीसाठी तो मोठा करून पाहिला. तापमानाच्या ओळीच्या वरच प्रोसेसरचा वेग दिसत होता, १.५ गिगाहर्ट्झच्या आसपास, आणि वापर ३ टक्के. म्हणजे मशीन नुसतं डेस्कटॉप दाखवत बसलं होतं. असे स्क्रीनशॉट बघताना तापमान सगळ्यात शेवटी वाचा. आधी वेग, मग टक्के, मग पॅकेज पॉवर, म्हणजे प्रोसेसर खात असलेली वीज, किती वॅट. पॉवर दिसत नसेल तर तो पुरावाच नव्हे.

कूलर बसवला. मूळ वेगालाच सिनेबेंच ही प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी चालवल्यावर तापमान रेथ स्टेल्थपेक्षा जास्त आलं. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) ३.८ आणि १.३५ व्होल्ट देऊन प्राइम९५ ही भाराची दुसरी चाचणी लावली तर बघता बघता ९५ डिग्री. ही या प्रोसेसरची कमाल मर्यादा. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवायला वेग खाली आणतो, आणि एचडब्ल्यूइन्फो या वेग-तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये वेगाचा आकडा घसरताना स्पष्ट दिसत होता.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं, ‘सर, पेस्ट नीट लागली नसेल.’ पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्यातली बारीक फट भरणारं मलम, पुसून माझ्याकडची चांगली पेस्ट लावली, दाब सगळीकडे सारखा आहे ना ते छाप बघून तपासलं. फरक नाही. मग ‘सर, केबिनेटमध्ये हवा खेळत नसेल.’ केबिनेट उघडं टाकून चाचणी दिली. मग ‘व्होल्टेज जास्त आहे’. म्हणून मूळ वेगाचे आकडे पाठवले. मग ‘प्रत्येक प्रोसेसर वेगळा असतो’. प्रत्येक उत्तर एकेकटं पाहिलं तर खरं वाटावं असं होतं, कारण या चारही गोष्टींनी तापमान खरोखर बदलतं. तंत्राची थोडीफार माहिती असलेल्या माणसाला गुंतवून ठेवायचं तर असंच बोलावं लागतं. प्रत्येक उत्तराला दोन दिवस आणि प्रत्येक उत्तरासाठी आपली नवी चाचणी. मुदत अशी खाल्ली जाते.

मध्ये एक सूचना. एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला १३३१ पिना खाली असतात आणि पेस्ट घट्ट धरते. कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर लॉक केलेल्या सॉकेटमधून उपटून येऊ शकतो आणि पिना वाकतात. काढण्याआधी मशीन थोडा वेळ चालवून पेस्ट गरम करा, मग बंद करून कूलर हलके डावीकडे-उजवीकडे पिळा, सुटला की उचला. विक्रेता पुन्हा पुन्हा ‘काढून बसवा’ म्हणतो तेव्हा प्रत्येक वेळी हा धोका आपण पत्करत असतो.

दोष पेस्टचा नाही हे मला स्पर्शावरून कळलं. प्राइम९५ चालू, प्रोसेसर ९५ वर. कूलरच्या बुडाच्या कडेला जरा बोट लावलं तर चटका बसला. सगळ्यात खालच्या दोन-चार फिन्सही चांगल्या तापलेल्या. आणि वर, जिथे पाइपची टोकं फिन्समधून बाहेर येतात, तिथे ती बोटाला चक्क गार. पेस्ट किंवा दाब चुकला असता तर प्रोसेसर गरम आणि बूड त्यामानाने थंड राहिलं असतं, कारण उष्णता बुडापर्यंत येतानाच अडली असती. इथे ती बुडापर्यंत व्यवस्थित येत होती आणि पुढे वर चढतच नव्हती. म्हणजे पाइप काम करत नव्हते.

खरा हीट पाइप पोकळ असतो. आतली हवा काढून टाकलेली, थोडंसं पाणी भरलेलं आणि दोन्ही टोकं बंद. आतल्या भिंतीवर तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर किंवा बारीक खाचा असतात. बुडाशी पाण्याची वाफ होते, ती वर जाते, फिन्सपाशी उष्णता सोडून पुन्हा पाणी होते आणि त्या थरातून झिरपत खाली येते. आतला दाब फार कमी असल्यामुळे ही वाफ १०० डिग्रीच्या खूप खालीच होऊ लागते. या चक्रामुळे हीट पाइप तेवढ्याच जाडीच्या भरीव तांब्याच्या सळीपेक्षा कितीतरी पटींनी उष्णता वाहून नेतो. अ‍ॅल्युमिनियमची सळी तर साध्या तांब्याच्याही मागे पडते. तांब्याची वाहकता ४०० च्या आसपास धरली तर अ‍ॅल्युमिनियमची २३७.

शेवटी हॅक्सॉने एक पाइप कापला. बाहेरून सुंदर तांबूस, कापलेल्या तोंडावर पांढरट चंदेरी भरीव गोल, आणि त्याच्या कडेने केसाएवढी तांबडी रेघ. पोकळी नाही, खाचा नाहीत, थर नाही. फोटो काढून पाठवला तर उत्तर आलं, ‘सर, तुम्ही माल तोडला आहे, आता काहीच करता येणार नाही.’

मुळात न कापताही त्यांनी नकार दिलाच होता. परतीच्या अटींमध्ये एक ओळ होती: पेस्ट लागलेला कूलर वापरलेला समजला जाईल. वाचताना ही अट रास्त वाटते. पण कूलर चालतो की नाही हे बघायला तो बसवावा लागतो आणि बसवायचा तर पेस्ट लावावीच लागते. म्हणजे फसवणूक ज्या चाचणीने उघड होईल, त्याच चाचणीने परतीचा हक्क जातो. माझ्या मते ही सगळी फसवणूक या एका ओळीवर उभी आहे. म्हणून पेस्टचा थेंब न लावता कूलर तपासायला शिकलं पाहिजे, आणि ते जमतं.

पंखा काढून ठेवा. पसरट भांड्यात गरम पाणी घ्या, हात घालवणार नाही इतपत गरम, उकळतं नको. कूलर उभा धरून फक्त बूड पाण्यात टेकवा आणि दुसऱ्या हाताची बोटं पाइपच्या वरच्या टोकांवर ठेवा. खरे पाइप असतील तर काही सेकंदांत टोकं गरम लागतात, एकेक पाइप वेगळा जाणवतो. भरीव सळी असेल तर बराच वेळ काही होत नाही, वाफेने ओला झालेला हात तेवढा शेकतो. सहापैकी चारच गरम झाले असंही होऊ शकतं, म्हणून प्रत्येक टोकाला बोट लावा. झालं की बूड लगेच कोरडं पुसा, डाग राहत नाही. पाइप मेणबत्तीवर किंवा गॅसवर कधीही धरू नका. बंद नळीत पाणी असतं, दाब वाढून ती फुटू शकते.

हे सगळं मोबाइलवर चित्रित करा, खोकं उघडण्यापासून. मी माझ्या जुन्या खऱ्या कूलरवर आणि या बनावट कूलरवर हीच चाचणी शेजारी शेजारी केली आणि फरक इतका ढळढळीत होता की तो व्हिडिओ आधी असता तर तक्रार एका दिवसात निकाली निघाली असती.

वजनाबद्दल लोक हटकून सांगतात. वजन करा, पण त्याच्यावर सगळा भार टाकू नका. नॉक्टुआचा एनएच-यू१२एस पाच पाइपचा आहे आणि पंख्यासकट ७५५ ग्रॅम भरतो. माझा सहा पाइपचा म्हणवणारा पंख्यासकट ५०० च्याही खाली होता, तेव्हाच शंका यायला हवी अशी ती तफावत होती. पण ती फिन्स कमी आणि पातळ असल्यामुळे पडते. पोकळ तांब्याचा पाइप आणि तेवढीच भरीव अ‍ॅल्युमिनियमची सळी यांच्या वजनात फारसा फरक नसतो. बनावट माल वजनदार करायला बुडात लोखंडाचा तुकडा टाकला की झालं.

मुलामा ओळखायला चाकूच्या टोकाने पाइपच्या आतल्या वळणावर हलकी रेघ ओढता येते. आत पांढरं निघालं तर अ‍ॅल्युमिनियम. उलट चांगल्या कूलरवर निकेलचा चंदेरी मुलामा असतो आणि खाली तांबडं निघतं, तेव्हा चंदेरी रंग पाहून घाबरू नका. रेघ राहते, त्यामुळे हे गरम पाण्यानंतरच करा. पंख्याचंही बघा. माझ्या पंख्याला चार पिनांचा कनेक्टर होता, वायरी मात्र तीनच आलेल्या. पीडब्ल्यूएमची, म्हणजे पंख्याचा वेग कमी-जास्त करायची, वायरच नाही.

शेवटी त्यांनी थोडे पैसे परत देऊ केले, मी लिहिलेला अभिप्राय काढून टाकला तर. मी काढला नाही, पैसेही मिळाले नाहीत. पण तिथे वाईट अभिप्राय इतके कमी का होते ते त्या दिवशी कळलं. जे चांगले अभिप्राय होते त्यांतले बहुतेक खोकं उघडल्या उघडल्या लिहिलेले, दिव्यांचे फोटो घालून. लोडखालच्या तापमानाचा एकही आकडा नाही.

मी विकत घेतलेलं पान आता बंद आहे. तोच कूलर, तेच फोटो, तोच ४८ डिग्रीचा स्क्रीनशॉट दुसऱ्या नावाखाली विकायला आहे आणि टीडीपी २२० चा २५० झालाय. स्क्रीनशॉटच्या उजव्या कोपऱ्यात वापर ३ टक्के अजून दिसतो, मोठा करून बघा.