कॅटॅलिटिक की इन्फ्रारेड? गॅस डिटेक्टर घेण्याआधी

गॅस डिटेक्टरची चौकशी सुरू केली की बॅटरी किती चालते, डिस्प्ले केवढा, वॉरंटी किती, यावरच बोलणं फिरत राहतं. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच हवा: यंत्र बिघडलं, तर ते मला कळणार कसं? ज्वलनशील वायूंसाठी दोन प्रकारचे सेन्सर सर्रास वापरतात, आणि त्यांच्यातला खरा फरक इथेच पडतो.

कॅटॅलिटिक सेन्सर, ज्याला पेलिस्टरही म्हणतात, म्हणजे मण्याएवढी भट्टी. तापलेल्या मण्यावर वायू जळतो, आतल्या प्लॅटिनमच्या तारेचा रोध बदलतो आणि त्यावरून एलईएलची टक्केवारी निघते. एलईएल म्हणजे वायू पेट घेऊ शकेल असं हवेतलं किमान प्रमाण. मिथेनसाठी ते साधारण 5 टक्के धरतात. म्हणजे डिस्प्लेवर 20 दिसत असेल, तर हवेत मिथेन प्रत्यक्षात 1 टक्का आहे.

जे जळतं ते पेलिस्टरला कळतं, हायड्रोजनसुद्धा. शिवाय किंमत कमी. पण सिलिकोनचा स्प्रे किंवा सीलंट, शिशाची संयुगं यांची वाफ लागली की मण्यावरचा उत्प्रेरक निकामी होतो. मग डिस्प्लेवर शून्य येतं, आणि हे शून्य स्वच्छ हवेच्या शून्यासारखंच दिसतं! दुसरी अडचण ऑक्सिजनची. नायट्रोजन भरलेल्या टाकीत वायू जळायला ऑक्सिजनच नाही, त्यामुळे तिथलं रीडिंग भरवशाचं नाही. वायू फारच दाट झाला तरी हेच होतं: ऑक्सिजन कमी पडतो आणि आकडा चढायच्या ऐवजी उतरू लागतो.

इन्फ्रारेड सेन्सर काही जाळत नाही. वायूने किती प्रकाश शोषला ते मोजतो. ऑक्सिजन नसला तरी चालतं, सिलिकोनने उत्प्रेरक मरायचा प्रश्नच नाही. दिवा गेला किंवा काच मळली तर सिग्नल पडतो आणि यंत्र स्वतःच बिघाड दाखवतं. एवढ्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत असं मला वाटतं. मात्र हायड्रोजन त्याला अजिबात दिसत नाही, कारण तो वायू इन्फ्रारेड शोषतच नाही. बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, त्या खोलीत हे महागडं यंत्र शोभेचं. तिथे पेलिस्टरच घ्या. हायड्रोकार्बनच्या टाक्या आणि पाइपलाइन असतील तर इन्फ्रारेड. दोन्ही धोके एकत्र असतील तर दोन्ही सेन्सर, त्यात काटकसर नको.

भिंतीवरचा की अंगावरचा, हा वाद खरं तर नसावा. भिंतीवरचा जागा राखतो, अंगावरचा माणूस. भिंतीवरचा बसवताना मिथेनसाठी छताजवळ, एलपीजीसाठी जमिनीलगत. अंगावरचा नाकातोंडापासून फुटाभराच्या आत लावायचा, पट्ट्याला किंवा खिशात नाही. टाकीत उतरण्याआधी मात्र पंप आणि नळीवाला हवा: बाहेरूनच वर, मध्ये, तळाशी तपासायचं, आणि नळीतून हवा यंत्रापर्यंत पोचेस्तोवर दर वेळी थांबायचं. आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील, मग विषारी. ऑक्सिजन आधी, कारण पेलिस्टरचा आकडा त्यावरच अवलंबून असतो.

एलईएलचा डिटेक्टर आहे म्हणजे विषारी वायूही सापडेल, या समजुतीत राहू नका. कार्बन मोनॉक्साइडचं एलईएल 12.5 टक्के, म्हणजे 1,25,000 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग). जिवाला तत्काळ धोका मात्र 1200 पीपीएमलाच मानतात. एलईएलच्या हिशेबात ते जेमतेम 1 टक्का, आणि अलार्म सहसा 10 किंवा 20 ला लावलेला असतो. यंत्र गप्प, माणूस आडवा. हायड्रोजन सल्फाइडबाबत वासाच्या भरवशावरही राहता येत नाही. 100 पीपीएमच्या आसपास नाक बधिर होतं. या दोघांसाठी वेगळे इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर लागतात. चार वायूंचं हातातलं यंत्र घेतलंत तर ते त्यात असतात, फक्त काही वर्षांनी बदलावे लागतात. तो खर्च आधीच धरा.

आता रोजच्या बंप टेस्टचं. वापरण्याआधी माहीत असलेला वायू सोडून अलार्म वाजतो का ते पाहायचं, एवढंच. मेलेला पेलिस्टर यातच पकडला जातो. तो घेणार असाल तर टेस्ट गॅसचा सिलिंडर आणि रेग्युलेटर त्याच ऑर्डरमध्ये टाका, आणि सिलिंडरवरची मुदतही बघून घ्या.