तीन कंपन्यांची भाड्याची खाती एकाच लॉगिनवर : बँकेच्या कॉर्पोरेट नेटबँकिंगचा अनुभव
आमच्या कुटुंबाची पुण्यातील दुकाने आणि चाकणजवळची गोदामे तीन प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांच्या नावावर असून, तिन्हींची चालू खाती आम्ही आता एका खासगी बँकेच्या कॉर्पोरेट नेटबँकिंगवरून सांभाळतो. सेवा निवडताना माझा आग्रह एवढाच होता की सर्व खाती एकत्र दिसावीत, पण पैसा एकमेकांत मिसळू नये. एका कंपनीच्या खात्यातून दुसरीचा मालमत्ता कर भरला, तर तो व्यवहार कर्ज ठरू शकतो आणि कंपनी कायदा, 2013 मधील कलम 185 व 186 (संचालकांशी संबंधितांना व इतर कंपन्यांना कर्ज देण्यावरील बंधने) यांचे प्रश्न उभे राहतात. पैसे घरचेच आहेत, ही सबब तेथे चालत नाही.

या बाबतीत बँकेची व्यवस्था चोख आहे. प्रत्येक कंपनीच्या संचालक मंडळाचा ठराव तिने वेगळा घेतला, आणि लेखापालाने नोंदवलेले पेमेंट त्या कंपनीच्या संचालकाने मंजूर केल्याखेरीज पुढे जात नाही.

सर्वांत मोलाची सोय व्हर्च्युअल खाते क्रमांकांची आहे. प्रत्येक भाडेकरूला स्वतंत्र क्रमांक मिळतो. त्यावर एनईएफटी किंवा आरटीजीएसने आलेली रक्कम संबंधित कंपनीच्या चालू खात्यातच जमा होते आणि ती कोणाकडून आली हे विवरणात लगेच कळते. आमच्या कंपन्यांची नावे सारखीच असल्यामुळे पूर्वी भाडे एका कंपनीच्या खात्यात आणि टीडीएस, म्हणजे भाडेकरूने भाड्यातून कापून सरकारकडे भरलेला कर, दुसरीच्या पॅनवर असा घोळ होई, आणि तो निस्तरण्यासाठी भाडेकरूला टीडीएसचे विवरणपत्र दुरुस्त करायला लावावे लागे. तो त्रास आता जवळजवळ संपला आहे.

भाड्याच्या जुळणीत मात्र ही सेवा कमी पडते. 1,00,000 रुपये भाड्यावर 18 टक्के जीएसटी धरून बिल 1,18,000 रुपयांचे होते, आणि मूळ भाड्यावरील 10 टक्के टीडीएस वजा होऊन खात्यात 1,08,000 रुपये येतात. बँकेचा अहवाल उरलेले 10,000 रुपये थकबाकी म्हणून दाखवतो. टीडीएससाठी वेगळा रकाना नसल्याने ही जुळणी टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने करावी लागते. भाड्याच्या वसुलीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या सेवेत ही उणीव मला गंभीर वाटते. शिवाय संचालक तोच असला तरी त्याची केवायसीची कागदपत्रे तिन्ही कंपन्यांसाठी पुन्हा पुन्हा मागितली जातात. ठराव वेगळे हवेत हे मान्य, पण तेच पॅन आणि आधार तीनदा कशासाठी?

एकच कंपनी आणि दोन-चार भाडेकरू असतील, तर साधे चालू खाते पुरेसे आहे. कंपन्या अनेक असतील तर ही सेवा जरूर घ्यावी, मात्र व्हर्च्युअल क्रमांकांचे शुल्क कंपनीनिहाय लागते की एकत्रित, हे आधी लेखी घ्यावे.