चार डिस्कच्या नासवर रेड ६ : लग्नसराई काढल्यानंतरचा अनुभव

परभणीत आमचा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे. जिंतूर, सेलू, गंगाखेडपर्यंतची लग्नं करतो. तुळशीच्या लग्नानंतर नास (नेटवर्कवरून सगळ्या कॉम्प्युटरना वापरता येतो असा डिस्कचा डबा) घेतला, त्यात ४ टीबीच्या चार डिस्क टाकल्या आणि रेड ६ लावलं. रेड म्हणजे डिस्क गेली तरी डेटा वाचावा म्हणून अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत; ५, ६, १० ह्या तिच्या लेव्हल. उन्हाळाही निघाला, आता लिहायला हरकत नाही.

दुकानदार रेड ५ च्या मागं लागला होता. १२ टीबी मिळतात, एक डिस्क गेली तरी चालतं. हिशेब खरा आहे. पण नवी डिस्क टाकली की रीबिल्डसाठी, म्हणजे गेलेला डेटा तिच्यावर परत उभा करायला, उरलेल्या तिन्ही अथपासून इतिपर्यंत वाचाव्या लागतात, आणि त्याही तेवढ्याच झिजलेल्या असतात. नेमकी तेव्हा दुसरी दगावली तर संपलं. लग्न काय परत लावायचं का?

म्हणून खरी निवड रेड १० की रेड ६ एवढीच होती. चार डिस्कमध्ये दोन्हीकडं ८ टीबीच हाती येतात. रेड १० मध्ये डिस्कच्या जोड्या असतात, जोडीतल्या दोन्हीवर तोच डेटा. ते लिहायला चपळ, पण एकाच जोडीतल्या दोन गेल्या की खेळ खल्लास. रेड ६ ला कुठल्याही दोन गेल्या तरी चालतं. दोन पॅरिटी (गेलेला डेटा परत काढता यावा म्हणून ठेवलेला जादा हिशेब) लिहाव्या लागतात म्हणून ते सुस्त, हे खरं. पण आमच्या क्लिप मोठ्या, आणि गिगाबिट केबलमधून सेकंदाला ११०-११५ एमबीच्या वर जातच नाही, त्यामुळं फरक कळत नाही. अल्बमचे बारीक जेपीजी ढिगानं टाकले की मात्र चहा पिऊन यावं. डेटाबेस चालवणाऱ्यानं रेड १० च घ्यावं.

एप्रिलमध्ये एका डिस्कचे खराब सेक्टर वाढत गेले आणि नासनं तिला बाहेर काढलं. इथं तशी मिळेना, संभाजीनगरहून मागवली. तोवर एडिटिंग चालूच होतं, कारण अजून एक डिस्क जायची मुभा शिल्लक होती. रीबिल्ड अर्ध्यात असताना लाइट गेली, अन् ती दुपारभर! यूपीएसची बॅटरी उतरताच नास आपोआप नीट बंद झाला आणि लाइट आल्यावर सोडलं तिथून पुढं सुरू झाला. आपल्याकडं यूपीएसशिवाय रेड ५ किंवा ६ लावूच नका. लिहिता लिहिता वीज गेली की डेटा आणि पॅरिटीचा मेळ तुटू शकतो.

डिस्क घेताना सीएमआर (डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी लिहिणारी) आहे ना, विचारा. एसएमआर (पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणाऱ्या) रीबिल्डला फार रखडतात. मे महिन्यात डिस्क ५० अंशांवर जाऊ लागल्या, तेव्हा नास कपाटातून काढून मोकळ्यावर ठेवला.

आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. पोरानं फोल्डर डिलीट केलं तर ते चारही डिस्कवरून जातं. दर आठवड्याला एका यूएसबी डिस्कवर कॉपी काढून ती घरी नेतो. पुढचा नास २.५ गिगाबिट पोर्टचा घेईन, पण लेव्हल हीच ठेवीन.