चॉकी सेंटरसाठी घेतलेला मायक्रोस्कोप, वर्षभर वापरून

जालना जिल्ह्यात आमचं चॉकी सेंटर आहे, म्हणजे रेशमाच्या कोवळ्या अळ्या वाढवायचं केंद्र. अंडीपुंज आणायचे, दुसऱ्या मोल्टपर्यंत, म्हणजे दुसऱ्यांदा कात टाकेपर्यंत, अळ्या सांभाळायच्या आणि शेतकऱ्यांना द्यायच्या. मागच्या वर्षी एका लॉटला पेब्रीन हा अळ्यांचा रोग निघाला. बाहेरून आणलेल्या अंड्यांतूनच तो आला होता. सात घरांचं पीक फेकावं लागलं. त्या आठवड्यात मी अंबाल्याच्या बनावटीचा, दोन डोळ्यांनी बघायचा मायक्रोस्कोप 18 हजारांना घेतला.

हे म्हणत होते, आरशावाला घे, स्वस्तात पडेल. पण आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही आणि पावसाळी आभाळात आरसा काय उजेड देणार? एलईडी आणि आत चार्जिंगची बॅटरी, एवढ्यावर मी अडून बसले. ते बरंच झालं.

मेलेली किंवा मागं पडलेली अळी खलात पोटॅशियम कार्बोनेटच्या पातळ द्रावणात घोटायची, थेंब स्लाइडवर, वर कव्हर स्लिप. 10चं आयपीस (डोळ्याकडचं भिंग) आणि 40चं ऑब्जेक्टिव्ह (स्लाइडकडचं भिंग), म्हणजे 400 पट. पेब्रीनचा बीजाणू जेमतेम 3-4 मायक्रॉन लांब. पहिले चार दिवस मला काहीच दिसलं नाही. चूक माझी होती, कंडेन्सरचा डायफ्राम, म्हणजे स्लाइडखालची उजेड कमी-जास्त करायची झडप, पूर्ण उघडा होता. बीजाणू पारदर्शक, भगभगीत उजेडात ते विरघळून जातात. आयपीस काढून नळीत बघायचं आणि उजेडाचं वर्तुळ पाऊण भरेल इतका डायफ्राम मिटायचा. तसं केलं आणि ते दिसले: तांदळासारखे लांबट, चकाकणारे, सगळे एकाच मापाचे, जागच्या जागी थरथरणारे. चरबीचे थेंबही दिसतात, पण ते गोल आणि लहानमोठे असतात. लुई पाश्चरनी 1865 पासून फ्रान्समध्ये याच रोगाचा माग काढला. अंडी घातलेली मादी पतंग घोटून तपासायची त्यांची पद्धत रेशमाची अंडी तयार करणाऱ्या बियाणं केंद्रांत अजून चालते.

मायक्रोस्कोपची खोट एकच. स्लाइड ठेवायचा स्टेज आपोआप खाली सरकायचा, फोकस जायचा. फोकसच्या मोठ्या चाकाजवळची ताण द्यायची रिंग आवळली, तेव्हा थांबला. दुकानदारानं हे सांगायला हवं होतं. 100चं ऑब्जेक्टिव्ह तेल लावून वापरायचं असतं, मला अजून गरज पडली नाही.

चॉकीघरात मात्र तो ठेवू नका. तिथली 85 टक्के आर्द्रता अळ्यांना मानवते, भिंगांना बुरशी आणते. माझा घरात, सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या झाकणाच्या डब्यात असतो. घेताना दुकानातच 40वर स्लाइड लावून दहा मिनिटं तशीच ठेवा आणि परत बघा. चित्र पुसट झालं, तर दुसरा पीस मागा.