रुगर मार्क ४ टार्गेट: जुन्या बाजाचे, परवडणारे पिस्तूल

अमेरिकेत पॉइंट टू-टू रिमफायरवर (म्हणजे .२२ इंची लहान काडतुसांवर) नेमबाजीचा सराव करणाऱ्यांपैकी ज्यांना जुन्या बाजाचे पिस्तूल हवे आहे, पण स्मिथ अँड वेसन मॉडेल ४१ या महागड्या पिस्तुलाची किंमत झेपत नाही, त्यांच्यासाठी रुगर मार्क ४ टार्गेट ही माझ्या मते सर्वांत शहाणपणाची निवड आहे. १९४९ साली आलेल्या रुगर स्टँडर्ड या पिस्तुलाचा हा थेट वारस असून ल्यूगर या जुन्या जर्मन पिस्तुलाची आठवण करून देणारी तिरकी मूठ त्याने टिकवली आहे. गोळी सुटताना केवळ आतला बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा भाग) मागे-पुढे होतो. साडेपाच इंची जाड नळी आणि नेम धरायची साइट एकमेकांशी पक्क्या जखडलेल्या राहतात, आणि नेम टिकतो तो त्यामुळेच.

आधीच्या आवृत्त्या साफसफाईसाठी उघडणे सोपे, पण पुन्हा जोडताना हॅमरचा (गोळी झाडणाऱ्या हातोडीचा) कोन जरा चुकला की सारा खटाटोप पहिल्यापासून करावा लागे. २०१६ च्या मार्क ४ मध्ये मागचे एक बटण दाबले की वरचा भाग बिजागरीवर उचलला जातो, बोल्ट हाती येतो आणि नळी मागच्या बाजूने पुसता येते. (हे सुचायला कंपनीला इतकी वर्षे का लागावीत, कोण जाणे!)

ट्रिगर मात्र बेताचाच आहे. त्या बाबतीत ब्राउनिंग कंपनीचे बक मार्क पिस्तूल सरस वाटते, पण ते उघडायला पाना लागतो. जुने मार्क ४ घेणाऱ्यांनी पिस्तुलावरचा अनुक्रमांक जरूर तपासावा, कारण जून २०१७ पूर्वीची पिस्तुले सेफ्टीतील (चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेल्या खटक्यातील) दोषामुळे कंपनीने दुरुस्तीसाठी परत मागवली होती.